सहज जुळणारा स्फटिक टिकवायचा कसा? पेरोव्हस्काइट सौरघटांचा आढावा

1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट तयार झाला. त्यावर पडणाऱ्या उन्हातल्या ऊर्जेपैकी जेमतेम 6 टक्क्यांची वीज व्हायची. तिथून 27 टक्क्यांच्या पुढे जायला सिलिकॉनला जवळपास सत्तर वर्षं लागली. पेरोव्हस्काइटने हा पल्ला पंधरा वर्षांत गाठला. 2009 मध्ये 3.8 टक्के आणि आता प्रयोगशाळेतल्या छोट्या घटात 27 टक्क्यांच्या आसपास, अशी त्याची चढण आहे. सौरऊर्जेच्या इतिहासात दुसरा कोणताही पदार्थ इतक्या वेगाने वर गेलेला नाही. तरीही आपल्या गच्चीवर, सौरपंपाशेजारी आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्रीसारख्या माळरानांवरच्या प्रकल्पांत जी पॅनेलं दिसतात, ती बहुतेक सगळी सिलिकॉनचीच आहेत.

याचं कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं: पेरोव्हस्काइट टिकत नाही. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. कार्यक्षमता साधली, टिकाऊपणा राहिला, अशी मांडणी केली की हे दोन वेगवेगळे विषय वाटतात. गेल्या पंधरा वर्षांचं संशोधन नीट पाहिलं तर दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. हा स्फटिक फार थोड्या ऊर्जेत जुळतो, आणि म्हणूनच थोड्या ऊर्जेत सुटतो. त्याचे गुण आणि त्याची दुखणी एकाच स्वभावातून आली आहेत. आजवरचे यशस्वी उपाय हा स्वभाव ओळखूनच केलेले आहेत.

पदार्थाचा स्वभाव

पेरोव्हस्काइट ही मुळात एका खनिजाची स्फटिकरचना. 1839 मध्ये गुस्टाव्ह रोझे यांनी उरल पर्वतातलं हे कॅल्शियम टायटनेटचं खनिज ओळखलं. सौरघटात वापरतात ते पेरोव्हस्काइट प्रयोगशाळेत बनतं. त्यात शिशाच्या प्रत्येक अणूभोवती आयोडीनचे किंवा ब्रोमीनचे सहा अणू असतात. अशा अष्टफलकांची त्रिमितीय जाळी तयार होते आणि जाळीच्या पोकळ्यांत मिथिलअमोनियम, फॉर्मॅमिडिनियम किंवा सीझियम यांचे धन आयन बसतात. पोकळीच्या मानाने आयन फार मोठा किंवा फार लहान असेल तर रचना डळमळते. कोणता आयन कुठे मावेल याचं गणित व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी 1926 मध्येच मांडून ठेवलं होतं. पुढच्या बऱ्याच सुधारणा त्या गणिताच्या आधारे झाल्या.

या पदार्थाचं कौतुक तीन गोष्टींसाठी आहे. एक, तो प्रकाश भरभरून शोषतो. सिलिकॉनच्या चकतीला दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाडी लागते, तिथे पेरोव्हस्काइटचा अर्धा मायक्रॉनचा थर पुरतो. दोन, उन्हाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, वाटेत न गमावता लांबवर जातात. 2013 मध्ये हे अंतर एक मायक्रॉनहून जास्त असल्याचं दिसलं, म्हणजे थराच्या जाडीच्या दुपटीहून अधिक. तीन, स्फटिकात दोष राहिले तरी त्यांतले बरेचसे विजेच्या आड येत नाहीत. सिलिकॉन 1400 अंशांवर वितळवून कमालीचं शुद्ध करावं लागतं. पेरोव्हस्काइट मात्र द्रावणातून, शंभर-दीडशे अंशांवर, कामापुरतं चांगलं जमून येतं.

एका थराचा जन्म

हा थर बनताना जवळून पाहिला तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. नायट्रोजनने भरलेल्या बंद पेटीत, रबरी हातमोज्यांतून हात घालून, विद्युतवाहक लेप दिलेली काचेची छोटी चौकट फिरत्या चकतीवर ठेवतात. तिच्यावर पिवळसर द्रावणाचे थेंब टाकतात. चकती मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागते, द्रावण पसरतं, पातळ होतं. मग नेमक्या क्षणी दुसऱ्या द्रावकाची धार वरून सोडतात. या द्रावकात पेरोव्हस्काइट विरघळत नाही, त्यामुळे सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी स्फटिकांची बीजं धरतात. काच गरम तव्यावर ठेवली की फिकट थर बघता बघता गर्द तपकिरी, आरशासारखा चकचकीत होतो. धार दोन-चार सेकंद लवकर किंवा उशिरा पडली तर थर धुरकट होतो, त्यात भोकं राहतात आणि घट वाया जातो.

दक्षिण कोरियातल्या सांग इल सोक यांच्या गटाने 2014 मध्ये ही पद्धत रूढ केली. त्याआधीच्या टप्प्यांकडे धावती नजर टाकू. 2009 मध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमू मियासाका आणि त्यांचे विद्यार्थी अकिहिरो कोजिमा यांनी रंगद्रव्याच्या सौरघटात रंगद्रव्याऐवजी पेरोव्हस्काइट वापरून पाहिलं. भोवतीच्या द्रवातच ते विरघळत असे, त्यामुळे घट काही मिनिटांतच निकामी व्हायचा. 2012 मध्ये नाम-ग्यू पार्क आणि स्वित्झर्लंडमधले मिखाएल ग्रेट्झेल यांनी द्रवाच्या जागी घन पदार्थाचा थर दिला आणि 9.7 टक्के गाठले. त्याच वर्षी ऑक्सफर्डचे हेन्री स्नेथ आणि मियासाका यांनी 10.9 टक्क्यांचा घट दाखवला. कार्यक्षमतेतली ही पहिली मोठी उडी टिकाऊपणाच्या उपायामुळेच मिळाली होती.

गळती कुठे होते

मग घट खराब नेमका कशाने होतो? पहिला वैरी पाणी. मिथिलअमोनियम लेड आयोडाइडचा घट दमट हवेत उघडा ठेवला तर तपकिरी-काळा थर कडांपासून पिवळा पडत आत सरकतो. ते पिवळं म्हणजे उरलेलं लेड आयोडाइड. जाळीतला सेंद्रिय आयन पाण्याने ओढून नेलेला असतो. दुसरा वैरी उष्णता. 85 अंशांवर हेच विघटन पाण्याशिवायही होतं, कारण मिथिलअमोनियम वायुरूपाने निसटतं. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवरचं पॅनेल सहज 60-70 अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे ही कसोटी आपल्याला परकी नाही. तिसरा वैरी प्राणवायू आणि प्रकाश यांची जोडी. एकट्या प्राणवायूने फारसं बिघडत नाही. उजेडात मात्र त्याचं क्रियाशील रूप तयार होतं आणि ते जाळीवर तुटून पडतं.

हे झाले बाहेरचे वैरी. काचेत घट पक्का बंद केला तर त्यांतल्या पाण्याला आणि हवेला बरंच थोपवता येतं. आतला वैरी जास्त चिवट आहे. या स्फटिकातले आयन, विशेषतः आयोडीनचे, जागेवर बसत नाहीत. रिकामी जागा दिसली की तिथून तिथे सरकत राहतात. ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचले की चांदीला गंजवतात. आयोडीन आणि ब्रोमीन एकत्र असलेल्या थरात उजेड पडताच दोघं वेगळे होऊन आपापले कप्पे करतात. 2015 मध्ये एरिक होक आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. 2014 च्या सुमारास आणखी एक कोडं समोर आलं होतं: एकाच घटाची कार्यक्षमता व्होल्टेज वाढवत मोजली तर एक येते, उतरवत मोजली तर दुसरी. त्यामागेही हेच भटके आयन होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या सुप्रसिद्ध आलेखात पेरोव्हस्काइटच्या नावापुढे बरीच वर्षं ‘न स्थिरावलेले’ अशी टीप होती, ती याच कारणाने.

आयन सरकतात ते स्फटिकातल्या दोषांतून, म्हणजे रिकाम्या जागा, कणांच्या सीमा आणि दोन थरांचे सांधे यांतून. इलेक्ट्रॉन आणि होल वाटेत एकमेकांना भेटून वाया जातात, तेही मुख्यतः याच ठिकाणी. शेताच्या पाटाला खेकड्यांनी बिळं पाडली की आजचं पाणी वाया जातं आणि पुढे त्याच बिळांपासून बांध फुटतो. पेरोव्हस्काइटचं अगदी असंच आहे. ज्या दोषातून आज व्होल्टेज गळतं, त्याच दोषातून उद्या घट खचतो. म्हणून दोष बुजवणारा उपाय बहुधा दोन्ही बाजूंनी फळतो. दोष तसेच ठेवून फक्त आकडा वाढवला, तर तो आकडा फार दिवस टिकत नाही.

उपायांच्या चार वाटा

पहिली वाट घटकांच्या निवडीची. मिथिलअमोनियम उष्णतेत टिकत नाही, म्हणून त्याच्या जागी फॉर्मॅमिडिनियम आलं. ते अधिक प्रकाश शोषतं आणि उष्णताही जास्त सोसतं. अडचण एवढीच की साध्या तापमानाला त्याचा काळा स्फटिक आपोआप निरुपयोगी पिवळ्या रूपात जातो, कारण हा आयन पोकळीला थोडा मोठा पडतो. 2016 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने त्यात थोडं सीझियम आणि थोडं मिथिलअमोनियम मिसळलं. लहान-मोठ्या आयनांच्या या मिश्रणाने काळं रूप सावरलं, 21.1 टक्के मिळाले आणि घटाघटांतला फरकही कमी झाला. पुढे मिथिलअमोनियम पूर्णपणे वगळण्याकडे कल गेला.

सेंद्रिय आयन मुळीच नको म्हणून फक्त सीझियमवर चालणारी एक शाखाही आहे. या कामाला मराठी मुलखाचा धागा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून गेलेले सावंता माळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण कोरियातल्या चोन्नाम विद्यापीठात सीझियम लेड आयोडाइडची दोन वेगळी स्फटिकरूपं एकावर एक बसवली. खालचं रूप गरम हवेच्या झोताने द्रावणातून तयार केलं, वरचं निर्वातात बाष्पातून. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात कार्यक्षमता 21.5 टक्क्यांच्या पुढे गेली. पूर्णपणे असेंद्रिय पेरोव्हस्काइटच्या मानाने हा आकडा मोठा आहे.

दुसरी वाट दोष बुजवण्याची. थराच्या पृष्ठभागावर मोठ्या सेंद्रिय अमोनियम क्षारांचा हात फिरवला की उघड्या जागा झाकल्या जातात आणि वर द्विमितीय पेरोव्हस्काइटची पातळ साय धरते. ही साय पाणी अडवते आणि आयनांचीही वाट अडवते. 2018 मध्ये केंब्रिजच्या गटाने पोटॅशियम वापरून आयोडीन-ब्रोमीनच्या आयनांचं भटकणं आवरलं. 2021 मध्ये कोरियन आणि स्विस संशोधकांनी फॉर्मेट हा साधा आयन घालून आयोडीनच्या रिकाम्या जागा भरल्या. कार्यक्षमता 25 टक्क्यांपुढे गेली आणि घट जास्त काळ चालला. एकाच उपायाने दोन्ही साधल्याचं हे ठळक उदाहरण.

तिसरी वाट शेजारच्या थरांची. पेरोव्हस्काइटवरचा होल वाहून नेणारा सेंद्रिय थर बराच काळ लिथियमच्या क्षारावर अवलंबून होता, आणि तो क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. खालचा टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांत पेरोव्हस्काइटलाच पोखरतो. हे जसजसं लक्षात आलं तसतशी घटाची रचना उलटी करण्याकडे, म्हणजे होलचा थर खाली घेण्याकडे, वाटचाल झाली. त्यात जर्मनीतलं हेल्महोल्ट्झ केंद्र आणि लिथुआनियातलं कौनास विद्यापीठ यांनी विकसित केलेले, आपणहून रांगेत उभे राहणारे रेणूंचे एकपदरी थर निर्णायक ठरले. असा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो, काचेवरच्या विद्युतवाहक लेपाला रासायनिक बंधाने चिकटतो आणि त्याला लिथियमचा क्षार लागत नाही. अलीकडचे बरेचसे विक्रम या उलट्या रचनेचे आहेत. दुसरीकडे वुहानच्या हान होंगवेई यांनी धातू बाजूला ठेवून कार्बनचा जाड इलेक्ट्रोड वापरला. कार्यक्षमतेत हे घट मागे आहेत, टिकण्यात मात्र त्यांनी सुरुवातीपासून नाव कमावलं आहे.

चौथी वाट बांधणीची: दोन्ही बाजूंनी काच, कडेला पाण्याची वाफ न शिरू देणारा ब्यूटाइल रबराचा पट्टा आणि आत कोणताही आम्लधर्मी चिकटथर नाही. शोधनिबंधांत या कामाला फारशी जागा मिळत नाही, पण पॅनेल पावसाळा काढणार की नाही हे इथेच ठरतं.

मोजायचं कसं

‘घट हजार तास टिकला’ असं वाचलं की पहिला प्रश्न पडायला हवा: कुठे? अंधारात की उजेडात, कोरड्या नायट्रोजनमध्ये की दमट हवेत, 25 अंशांवर की 85 वर? 2020 पर्यंत जो तो आपापल्या सोयीची परिस्थिती निवडत होता, त्यामुळे दोन गटांच्या आकड्यांची तुलनाच होत नसे. त्या वर्षी जगभरच्या अनेक संशोधकांनी मिळून चाचण्यांची समान पद्धत जाहीर केली. सेंद्रिय सौरघटांसाठी आधी ठरलेल्या नियमांत पेरोव्हस्काइटच्या खास सवयींची भर घातली. या सवयींतली महत्त्वाची एक म्हणजे रात्रीचा परिणाम. काही घट अंधारात स्वतःला सावरतात आणि सकाळी पुन्हा जोमाने चालतात. काही घट अखंड प्रकाशात ठीक राहतात आणि दिवस-रात्रीच्या चक्रात लवकर खचतात. त्यामुळे सलग प्रकाशातल्या चाचणीवरून छपरावरच्या आयुष्याचा अंदाज बांधता येत नाही.

बाजारात उतरण्यासाठी सिलिकॉनला लागू असलेल्या चाचण्याही पार कराव्या लागतात. 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास, तसंच उणे 40 ते 85 अंशांदरम्यान 200 फेऱ्या, असं त्यांचं स्वरूप आहे. त्याशिवाय सावलीचा प्रश्न आहे. पाण्याच्या टाकीची सावली एका घटावर पडली की बाकीचे घट त्यावर उलटं व्होल्टेज लादतात. सिलिकॉन हे बऱ्यापैकी सोसतो, पेरोव्हस्काइट थोड्याशा उलट्या व्होल्टेजलाही कायमचा जायबंदी होऊ शकतो.

ग्राहकाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. 22 टक्क्यांचं पॅनेल 25 वर्षं सरासरी 94 टक्के क्षमतेने चाललं, तर गुणाकार येतो 517. 27 टक्क्यांचं पॅनेल 5 वर्षं सरासरी 90 टक्के क्षमतेने चाललं, तर तो येतो 121.5, म्हणजे चौथा हिस्साही नाही. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण निष्कर्ष पक्का आहे. पाच टक्क्यांच्या वाढीने वीस वर्षांची तूट भरून निघत नाही.

सिलिकॉनच्या खांद्यावर

तरीही कार्यक्षमतेची धडपड व्यर्थ नाही, आणि तिची योग्य जागा आता सापडली आहे. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा 29.4 टक्के आहे. तो त्या भिंतीजवळ पोचला आहे. वर पेरोव्हस्काइट आणि खाली सिलिकॉन असा जोडघट केला तर निळा-हिरवा प्रकाश वरचा थर जास्त व्होल्टेजवर वापरतो आणि तांबडा-अवरक्त प्रकाश खाली जाऊ देतो. मग मर्यादा 40 टक्क्यांच्या पुढे सरकते. हेल्महोल्ट्झ केंद्राने 2022 अखेर 32.5 टक्के गाठले, सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठाने 2023 मध्ये 33 ओलांडले आणि चीनच्या लाँगी कंपनीने 2025 मध्ये 34.85 टक्के नोंदवले. ऑक्सफर्ड पीव्हीने जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या कारखान्यातून 2024 मध्ये 24.5 टक्क्यांची जोडपॅनेलं पहिल्यांदा ग्राहकाकडे रवाना केली.

34 आणि 24 यांमधल्या अंतराकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पहिला आकडा बोटाच्या नखाएवढ्या घटाचा, दुसरा पूर्ण पॅनेलचा. फिरत्या चकतीवर एक चौरस सेंटिमीटर साधतो, एक चौरस मीटर साधत नाही. तिथे फटीतून द्रावण ओतत पुढे जाणारी यंत्रं लागतात, आणि नेमक्या क्षणी सोडायची ती धार मोठ्या काचेवर कशी साधायची, हा मोठा प्रश्न होतो. घटांमध्ये लेसरने पाडलेल्या रेघांत थोडी जागा जाते, थराच्या असमानतेत थोडा प्रवाह जातो. आणि जोडघटाला सिलिकॉनइतकंच आयुष्य लागतं, कारण वरचा थर दहाव्या वर्षी गेला तर खालचा चांगला सिलिकॉनही अडकून पडतो.

शिशाचाही विचार हवा. एका चौरस मीटर थरात ते पाऊण ग्रॅमच्या आसपास असतं. प्रमाण थोडं आहे, पण ते पाण्यात उतरू शकणारं आहे. 2020 मधल्या एका अभ्यासात पुदिन्याच्या रोपांनी पेरोव्हस्काइटमधलं शिसं मातीतल्या इतर शिशापेक्षा कितीतरी सहज शोषलं. शेतजमिनीवर पॅनेलं उभारणाऱ्या राज्याने हे ध्यानात ठेवावं. कथिल वापरून पाहिलं जातं, पण ते चटकन ऑक्सिडीकृत होतं आणि कार्यक्षमता बरीच खाली येते. शिसं अडवणारे थर आणि वापरलेली पॅनेलं परत घेण्याची सक्ती, हेच सध्या व्यवहार्य मार्ग आहेत.

आपल्या उन्हात

मुंबईच्या आयआयटीत 2010 पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे दिनेश काबरा यांच्या गटाने सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट ठेवलेला चार टोकांचा जोडघट विकसित केला आणि 26 टक्क्यांच्या पुढे नेला. चार टोकांच्या रचनेत दोन्ही घटांची वायरिंग वेगळी असते. त्यामुळे वरचा प्रवाह खालच्याशी जुळवावा लागत नाही आणि वरचा घट थोडा खचला तरी तो खालच्याला ओढत नाही. टिकाऊपणा अजून पूर्ण सुटलेला नसताना ही निवड मला शहाणपणाची वाटते.

पुढची गरज उघड्या आभाळाखालच्या नोंदींची आहे. आजवरचा बहुतेक अनुभव युरोप, जपान, कोरिया आणि चीनच्या हवेतला आहे. कोकणात चार महिने ओल भरून राहते, विदर्भात मे महिन्यात काच पोळते, मराठवाड्यात धूळ बसते. या तिन्ही ठिकाणी एकाच बांधणीची पॅनेलं दोन-तीन वर्षं उभी करून दर महिन्याची वीज जाहीर करायला हवी, चांगली आली तरी आणि वाईट आली तरी. कृषी वाहिन्यांना दिवसा सौरवीज पुरवण्याच्या योजनेत राज्य मोठी जमीन गुंतवतं आहे. तेवढ्याच जमिनीत दीडपट वीज देणारं पॅनेल मिळणार असेल, तर ते किती वर्षं देईल हे विकत घेण्याआधी कळणं हा शेतकऱ्याचा आणि करदात्याचा हक्क आहे.

पेरोव्हस्काइटच्या शोधनिबंधात पहिल्या ओळीत कार्यक्षमता आणि शेवटच्या परिच्छेदात टिकाऊपणा, अशी रीत पडून गेली आहे. दोन्हींचं मूळ एक असेल तर दोन्हींचा आकडाही एक असावा: एका चौरस मीटरने आपल्या पूर्ण आयुष्यात, आपल्या हवेत, किती युनिट वीज दिली. हा आकडा पॅनेलच्या मागे छापायची हिंमत ज्या दिवशी उत्पादकाला होईल, त्या दिवशी पेरोव्हस्काइट खऱ्या अर्थाने प्रयोगशाळेबाहेर पडलं असं म्हणता येईल.